तसबिरीची चौकट

सप्टेंबर महिना लागला म्हणजे मराठवाड्यातील जुन्या घरांतून भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात, पुसल्या जातात आणि १७ तारखेच्या आत पुन्हा आपापल्या खिळ्यांवर जातात. १९४८ साली त्या दिवशी निजामाची सत्ता संपली व हैदराबाद संस्थान भारतात आले. आमच्या नांदेडच्या घरी अशी एकच तसबीर आहे. ती स्वामी रामानंदतीर्थांची. आमच्या आजोबांनी त्याच वर्षाच्या अखेरीस ती विकत आणली, असे मातोश्री सांगतात. मागल्या खेपेस ती उतरवीत असता चौकटीची खालची पट्टी आमच्या हातात पिठासारखी आली. वरून रंग शाबूत, आतून वाळवीने सर्व फस्त केलेले. काच फुटली नाही व चित्रास एका कोपऱ्यात डाग पडण्यापलीकडे काही झाले नाही, हे दैवच म्हणावयाचे.

बाजारात नेली असती तर अर्ध्या तासात चकचकीत चौकट बसवून मिळाली असती. परंतु ती चौकट लाकडाची नसून लाकडासारख्या दिसणाऱ्या कसल्याशा द्रव्याची असते, हे मातोश्रींच्या कानी गेले होते. "आजवर लाकडात होती ती लाकडातच राहू द्या" असा त्यांचा हुकूम सुटला. सुतार शोधू लागलो तो असे आढळले की, ज्यांची दारे-कपाटे करण्याची कामे महिनोन्महिने तुंबली आहेत ते एका चौकटीसाठी हातची करवत खाली ठेवावयास तयार नाहीत. आणि त्यांचे तरी काय चुकले? तेव्हा सौ. सहज म्हणाली, "आपणच का करू नये?" ह्या प्रश्नातून पुढला सारा उद्योग उद्भवला.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. आमच्या घराण्यात चार पिढ्या लेखणी चालली, पळी-पंचपात्री चालली, एका चुलत्यांच्या हातात वकिलीची बॅगही आली. परंतु रंधा कोणी हाती धरला नव्हता. गावगाड्यात सुतार हा बलुतेदारांच्या पहिल्या ओळीतला. नांगर, कुळव, जू, बैलगाडी ही सर्व त्याच्या वाकसाखालून जात. सुगीच्या दिवसांत त्याचा वाटा खळ्यावरच मिळे. त्याच्यावाचून पेरणी होत नसे, हे सर्वांस ठाऊक होते. पण ओसरीवर त्याची बैठक कोठे, हेही सर्वांस ठाऊक होते. आमच्याच मुलखात तेरला गोरोबाकाका चिखल तुडवीत विठ्ठलाचे नाव घेत, नरसीचे नामदेव शिंप्याचे. त्यांचे अभंग आम्ही पाठ केले आणि त्यांची मडकी व कात्री त्यांच्याकडेच राहू दिली. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाराभोवती वाढलेल्या आमच्यासारख्यांनी भाई लालोची कथाही लहानपणीच ऐकलेली असते. श्रीमंत मलिक भागोचे पक्वान्न सोडून गुरु नानक ज्याच्या घरची भाकरी खावयास गेले, तो लालो सुतारच होता. ऐकली खरी, पण ती शिखांची कथा म्हणून ऐकली.

लाकडाचा प्रश्न सुटला तो लातूरकडून. औसा तालुक्यात मातोश्रींचे माहेर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावेच्या गावे झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे त्या पहाटेने नेली. त्या बाजूची जुनी घरे म्हणजे दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती व वर माळवद. आणि माळवद म्हणजे कडीपाटावर थरावर थर चढत गेलेली माती. असले ओझे कोसळले की खाली कोण राहणार? परंतु काही घरांत एक चमत्कार दिसला. ज्यांच्या माळवदाचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर व तुळयांवर होता, आणि ते सांधे जेथे नीट जुळविलेले होते, तेथे भिंती बाहेरच्या अंगास ढासळल्या व लाकडाचा खण आपल्या जागी उभा राहिला. आमच्या मामांचे घर त्यांपैकी एक. मामा, मामी व दोन मुले त्या खणाखालून चालत बाहेर आली. पुढे सरकारने गाव दुसऱ्या जागी वसविले. जुने घर उतरविताना मामांनी एक तुळई गोठ्यात ठेवून दिली होती. कशासाठी, ते त्यांनाही सांगता येईना. तिचा हातभर तुकडा कापून आणावा म्हणून आम्ही गेलो, तेव्हा विचारले, "मामा, हे घर बांधले कोणी?" त्यांनी आपल्या पणजोबांचे नाव सांगितले. "ते बांधविणारे, सुतार कोण?" मामा गप्प राहिले. मग म्हणाले, "ते कोण लिहून ठेवतो?"

आता हत्यारे. आमच्या गल्लीच्या टोकास एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांना सर्वजण मास्तर म्हणतात; आम्हीही तेच म्हणू. ते ख्रिस्ती आहेत. वीस वर्षांचा शेजार, वाटेत भेटले तर नमस्कार, नाताळास त्यांच्याकडून करंज्यांचे ताट व दिवाळीस आमच्याकडून फराळाचे. ह्यापलीकडे आमचे पाऊल गेले नव्हते. आमचे आजोबा असते तर ते ताटही परत गेले असते. त्यांच्या पिढीच्या मनात ख्रिस्ती धर्म म्हणजे मुलगा हातचा जाणे, एवढाच अर्थ होता, आणि तो अगदीच निराधार होता असे नाही. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला व त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला, तेव्हा प्रकरण न्यायालयात जाऊन मुलगा बापाच्या स्वाधीन झाला. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि सनातन्यांचे शिव्याशाप त्यांनी सोसले. हा इतिहास आपल्या वाचकांस अपरिचित नसेल. परंतु त्या नारायणरावांचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही. ते आमच्या मराठवाड्यातच आले. सर सालारजंग दिवाण असता त्यांना जालन्याजवळ जमीन मिळाली व तेथे त्यांनी बेथेल नावाचे गाव वसविले. वंचित जातींतून आलेल्या कुटुंबांना तेथे शेत, शाळा व हातचा उद्योग देण्याची त्यांची खटपट होती.

मास्तरांचे पणजोबा त्या बेथेलचे. हे आम्हांस त्या दिवशी कळले. त्यांच्या ओसरीवरच्या एका लाकडी पेटीत रंधा, पटाश्या, गुण्या, करवत, कानस सर्व तेल लावून ठेवलेले. रंध्याची मूठ हाताळून हाताळून काळीभोर झाली होती. "हा पणजोबांचा," मास्तर म्हणाले, "पाते मात्र तीनदा बदलले." आम्ही तो उसना मागितला. त्यांनी आमच्या हातांकडे पाहिले व म्हणाले, "पंत, रंधा देतो; पण त्याच्यासोबत मीही येईन."

हे गृहस्थ कामाच्या वेळी फारसे बोलत नाहीत. जे बोलले त्यातले थोडे वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. आमचे चित्र बारा इंच रुंद व सोळा इंच उंच. त्यासाठी दीड इंच रुंद व पाऊण इंच जाड अशा चार पट्ट्या लागतात. पट्टीच्या आतल्या कडेस मागील बाजूने पाव इंचाची खाच काढावयाची, तीत काच, चित्र व पाठीचा पुठ्ठा बसतो. खाचेत काच घट्ट बसवू नये. केसभर जागा मोकळी सोडावी. लाकूड पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते, आणि हे फुगणे-आकसणे रुंदीत होते, लांबीत जवळजवळ नाहीच. ह्या एका गोष्टीच्या अज्ञानामुळे किती काचा तडकल्या असतील ते देवास ठाऊक. रंधा लाकडाच्या रेषेच्या ओघाने मारावा. उलट मारला की लाकूड उपसते व पृष्ठभाग खरबरीत होतो. शंभर वर्षांचा साग वरून राखाडी दिसत होता. दोन हात मारताच आतून मधासारखा रंग वर आला आणि खोलीभर तेलकट वास सुटला. मातोश्री स्वयंपाकघरातून बाहेर आल्या व म्हणाल्या, "हा आमच्या माडीचा वास."

पट्ट्यांची टोके पंचेचाळीस अंशांवर कापून जोडावयाची. दिसावयास हे सोपे दिसते, पण करणाऱ्याची त्यात परीक्षा आहे. एका टोकास अर्ध्या अंशाची चूक झाली तर ती चार कोपऱ्यांतून फिरून शेवटच्या सांध्यात उघडी पडते. आमची पडली. पहिल्या प्रयत्नात शेवटच्या कोपऱ्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट राहिली आणि आम्ही ती खिळ्याने दाबून बुजवू लागलो, तेव्हा मास्तरांनी हातोडी काढून घेतली. चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहण्याची त्यांची युक्ती अशी: समोरासमोरच्या पट्ट्या सारख्या लांबीच्या आहेत ना, हे आधी पाहावे, मग दोन्ही कर्ण दोरीने मोजावे. कर्ण सारखे भरले तर चौकट खरी. नाही तर डोळ्यास कितीही सरळ दिसो, ती खोटी. सांधा जोडावयास पूर्वी सरस लागे. तो जनावरांच्या कातडी-हाडांचा, म्हणून आमच्या घरी त्याची वाटी चुलीवर चढणे अशक्यच होते. आताचा पांढरा डिंक रासायनिक असल्याने तो पेचप्रसंग टळला. डिंक लावून चौकटीच्या चहूकडे सुतळी गुंडाळावी व सुतळीखाली लाकडाच्या पाचरी सारून ती ताणावी, म्हणजे चारही कोपरे एकसारखे आवळले जातात. रात्रभर हात लावू नये.

त्या रात्रभराच्या वेळात आम्ही मास्तरांकडे चहास गेलो. आमच्या घराण्यातील हा पहिला चहा. त्यांच्या भिंतीवर महात्माजींची व डॉ. आंबेडकरांची अशा दोन तसबिरी, दोन्ही घरीच चौकटविलेल्या, आणि त्यांच्यापासून दूर, आतल्या खोलीच्या दारावर येशूचे लहानसे चित्र. परंतु हे चित्र क्रुसावरचे नव्हे. बालक येशू बापाच्या कारखान्यात फळी धरून उभा आहे, असे. आम्ही त्याविषयी विचारले. मास्तर म्हणाले, "मार्काच्या शुभवर्तमानात गावचे लोक त्याला सुतार म्हणून हिणवतात. मत्तयाच्या पुस्तकात सुताराचा मुलगा म्हणतात. हिणवण्यासाठी हाच शब्द त्यांना सापडला." पुढे दुसऱ्या शतकातील जस्टिन नावाच्या ख्रिस्ती पंडिताने लिहून ठेविले आहे की, तो नांगर आणि जोखडे करीत असे. हे ऐकून आम्ही क्षणभर थांबलो. नांगर आणि जू! म्हणजे आमच्या गावगाड्यातल्या बलुतेदाराचे नेमके तेच काम. लहानपणापासून ज्याला आम्ही साहेबांचा देव समजत आलो, तो आमच्या मामांच्या गावी जन्मता तर खळ्यावर आपला वाटा मागावयास उभा राहिला असता.

बोलणे साहजिकच तसबिरींवर आले. मातोश्रींची इच्छा अशी होती की, नवी चौकट झाल्यावर स्वामीजींची तसबीर ओसरीवर न लावता देवघरात लावावी. ह्यामागे त्यांचा अनुभव आहे. १९४८ च्या आरंभी, रझाकारांच्या भीतीने, त्या आठ-नऊ वर्षांच्या असता घरची मंडळी रात्री बैलगाडीने नांदेडहून निघून उमरखेडास गेली. उमरखेड वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या अंमलाबाहेर. तेथे एका देवळाच्या पडवीत त्यांनी कित्येक महिने काढले. त्या काळात मोठ्या माणसांच्या तोंडी एकच नाव असे, आणि ते नाव धारण करणारा पुरुष तुरुंगात होता. हैदराबादेत फौजा शिरल्या, स्वामीजी सुटले, आणि ही मुलगी आपल्या घरी परत आली. तिला वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी कोणी सांगावे की, ही माणसाची तसबीर आहे, देवाची नव्हे?

आम्हांस मात्र संकोच वाटत होता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी जो इशारा दिला तो आमच्या मनात होता. धर्मात भक्ती हा तरणोपाय असू शकेल, राजकारणात मात्र ती अधःपाताकडे व शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. नेत्याचा आदर करावा, पण किती? आम्ही मास्तरांस विचारले, तुमच्या धर्माचे ह्यावर काय म्हणणे? ते म्हणाले की, त्यांच्या देवळात राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, मग पक्ष कोणताही असो. पण ती त्यांच्यासाठी होते, त्यांची होत नाही. हा भेद एका विभक्तिप्रत्ययाचा आहे. परंतु त्यात पुष्कळ काही सामावलेले आहे असे आम्हांस वाटले. त्यांनीच मग सेवाग्रामची हकीकत सांगितली. १९४२ च्या जून महिन्यात लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार महात्माजींच्या कुटीत राहून आला. मातीच्या त्या भिंतींवर शोभेची म्हणून एकच वस्तू त्याला दिसली: येशूचे काळ्या-पांढऱ्या रंगातील एक चित्र. जगभर ज्यांच्या तसबिरी लागल्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या भिंतीवर दुसऱ्याची तसबीर होती, आणि तोही सुतार.

महात्माजींचा व सुतारकामाचा संबंध तसा जुना. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली टॉल्स्टॉय फार्म वसले, तेव्हा बाकांपासून पेट्यांपर्यंत लागणाऱ्या वस्तू तेथल्या मंडळींनी स्वतः केल्या. त्या खात्याचे मुख्य होते कालेनबाख, हे ज्यू. हेच कालेनबाख मारियनहिलच्या ख्रिस्ती साधूंच्या मठात जाऊन चपला शिवावयास शिकून आले व त्यांच्याकडून महात्माजी शिकले. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली, तीत सूतकताईबरोबर सुतारकामालाही मूलोद्योगाचे स्थान मिळाले. सेवाग्रामी ती योजना चालविणारे आर्यनायकम् सिलोनचे, ख्रिस्ती कुटुंबातले. वर्ध्यासच मगनवाडीत ग्रामोद्योगाचा संसार मांडणारे कुमारप्पा हेही ख्रिस्ती. हिशेबतपासनीसाचा उत्तम चालणारा व्यवसाय सोडून ते आले होते. तुरुंगात बसून त्यांनी एक पुस्तक खेड्यांच्या अर्थशास्त्रावर लिहिले, दुसरे येशूच्या शिकवणीवर. ही माणसे महात्माजींचा आदर करीत होती ह्यात संशय नाही. तो आदर त्यांनी कोठे ठेवला होता हे पाहावयाचे तर त्यांच्या भिंतींकडे न पाहता त्यांच्या हातांकडे पाहावे लागेल. आमच्या पिढीने तो आदर भिंतीवर ठेवून हात मोकळे करून घेतले. चौकातील पुतळ्यास हार घालण्यासाठी शिडीवर चढणारी मंडळी पाहिली म्हणजे आमच्या मनात हाच विचार येतो. आणि त्या शिडीच्या पायथ्याशी आम्हीही कित्येकदा टाळ्या वाजवीत उभे होतो, हेही लिहिले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सुतळी सोडली. दोन्ही कर्ण मोजले. एका सुताचा फरक. मास्तर म्हणाले, चालेल. तीन कोपरे असे मिळाले होते की नख फिरवून सांधा कळू नये. चौथ्यात मात्र केसाएवढी रेघ राहिली. ती बुजविण्यासाठी त्यांनी त्याच सागाचा भुसा डिंकात कालवून भरला व काचकागदाने घासून काढला. मागील बाजूस खालच्या दोन कोपऱ्यांवर लाकडाचे दोन लहान ठोकळे चिकटविले, म्हणजे तसबीर भिंतीस टेकून न राहता तिच्यामागून वारा खेळतो व पावसाळ्यातील ओल चढत नाही. वाळवीस ओल आवडते. पहिली चौकट तिच्यामुळेच गेली असावी.

राहता राहिला जागेचा प्रश्न. आम्ही मातोश्रींपुढे काही बोललो नाही; तो धीर मास्तरांनी केला. ते त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "आई, स्वामीजी संन्यासी होते. स्वतःचे घर त्यांनी केले नाही. देवघरात गेले तर त्यांना तुम्हीच तेवढ्या दिसाल. ओसरीवर राहिले तर येणारी-जाणारी सगळी माणसे दिसतील." मातोश्री बराच वेळ चौकटीवरून हात फिरवीत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "ही आमच्या माडीचीच ना?" आम्ही होय म्हटले. "मग ओसरीवर लावा. पण खिळा मास्तरांनी मारायचा."

मास्तरांनी खिळा मारला. गुण्या लावून तसबीर सरळ केली. मातोश्री काठी टेकीत आल्या, आमचा काही बोलावयाचा विचार होता तोच त्यांनी करंडा उघडला आणि चौकटीच्या खालच्या पट्टीस, नेमके त्या चौथ्या कोपऱ्यावर, हळदकुंकवाचे एक बोट लावले. काचेस लावले नाही, चित्रास लावले नाही, लाकडास लावले. आम्ही मास्तरांकडे पाहिले. ते आपली हत्यारे तेलाच्या फडक्याने पुसून एकेक पेटीत ठेवीत होते.

रंधा मात्र त्यांनी पेटीत ठेवला नाही. तो अजून आमच्याकडेच आहे. सौ.ला पाट करावयाचा आहे.